शंका आणि समाधान : रेडवुडच्या जंगलातली पिवळी गोगलगाय

पुण्याच्या एका वाचकभगिनींचे पत्र आम्ही गेल्या अंकात उत्तराविना छापले होते आणि त्यात वर्णिलेल्या प्राण्याबद्दल आणखी काय जाणून घ्यावेसे वाटते, हे कळवण्याचे आवाहन वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न मूळ पत्रासह येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मुलाकडे सॅन होजेला गेले असताना आम्ही सांताक्रूझजवळच्या हेन्री काउवेल उद्यानात रेडवुडची झाडे पाहायला गेलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. पायवाटेच्या कडेला पालापाचोळ्यावर पिकलेले केळे पडले आहे असे वाटले, पण नातू म्हणाला, "आजी, ते हलतंय बघ." वाकून पाहिले तर वीतभर लांबीचा, पिवळाधमक, डोक्यावर चार शिंगे असलेला जीव. त्याच्या उजव्या अंगाला एक भोक होते आणि ते सावकाश उघडत व मिटत होते. हा कोणता प्राणी? आणि ते भोक कसले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण पाहिला तो 'बनाना स्लग', म्हणजे शंख नसलेली, जमिनीवर राहणारी एक मोठी गोगलगाय. तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव एरिओलायमॅक्स असे आहे. या प्रजातीत अर्धा डझनाच्या आसपास जाती मोडतात आणि त्या सगळ्या उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनारपट्टीवरच्या दमट अरण्यांत राहतात. सर्वांत दूरवर पसरलेली जात एरिओलायमॅक्स कोलंबियानस ही होय. ऑगस्टस गूल्ड यांनी १८५१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. अलास्काच्या आग्नेय भागापासून मध्य कॅलिफोर्नियापर्यंत ती आढळते आणि तिच्या अंगावर पुष्कळदा काळे डाग असतात. सांताक्रूझच्या डोंगरांत मात्र डाग नसलेली, एकसारख्या पिवळ्या रंगाची एरिओलायमॅक्स डोलिकोफॅलस ही जात राहते, त्यामुळे आपल्याला दिसलेली बहुधा तीच असावी. या गोगलगायी १५ ते २० सेंटिमीटर लांब सहज होतात आणि काही २५ सेंटिमीटरपर्यंतही वाढतात. जमिनीवरच्या बिनशंखाच्या गोगलगायींत युरोपातली लायमॅक्स सिनेरिओनायगर तेवढी यांच्याहून मोठी आहे.

ते भोक म्हणजे श्वसनरंध्र. डोक्याच्या मागे पाठीवर जी गुळगुळीत झूल दिसते तिला प्रावार म्हणतात. शंख असलेल्या गोगलगायीत हाच प्रावार शंख घडवतो. बनाना स्लगमध्ये त्याच्या आत पूर्वजांच्या शंखाची आठवण म्हणून एक लहानशी चकती तेवढी उरली आहे. प्रावाराखाली रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेली एक पोकळी असते आणि तीच तिचे फुप्फुस होय. श्वसनरंध्र उघडले की हवा आत जाते आणि मिटले की आतला ओलावा आतच राहतो. हवा कोरडी असेल तर ते जास्त वेळ मिटलेले राहते. थोडेफार श्वसन ओल्या त्वचेतूनही होते.

आपण ज्यांना शिंगे म्हटले आहे त्या स्पर्शिका. वरच्या लांब जोडीच्या टोकांना डोळे असतात. त्या डोळ्यांना आपल्यासारखे चित्र दिसत नाही, उजेड आणि अंधार यांतला फरक मात्र चांगला कळतो. खालची आखूड जोडी वास आणि चव घेण्याच्या कामी येते. प्रत्येक स्पर्शिका स्वतंत्रपणे आत ओढून घेता येते, आणि एखादी तुटली तर पुन्हा उगवते. गोगलगाय पालापाचोळ्यावरून सरकत असताना खालची जोडी जमिनीला वारंवार टेकत असते. पुन्हा कधी पाहण्याचा योग आला तर तेवढे जरूर निरखून पाहा, कारण तिला तिच्या जगाची बहुतेक खबर तेथूनच मिळते.

पिवळ्या रंगाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. हा रंग एवढा भडक असूनही त्या जंगलात सहज लपतो, असे पुष्कळ निसर्गअभ्यासकांचे मत आहे, कारण तेथल्या 'कॅलिफोर्निया बे' या झाडाची पिकून पडलेली पाने याच रंगाची असतात. सगळ्या गोगलगायी पिवळ्याच असतात असेही नाही. हिरवट, तपकिरी आणि फिकट पांढुरक्याही आढळतात.

प्रश्न : जमिनीवर राहणाऱ्या या प्राण्याला शंख नाही, खवले नाहीत, जाड कातडीही नाही. मग कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो वाळून कसा जात नाही? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : प्रश्न नेमका आहे, कारण माझ्या मते या प्राण्याचे सारे आयुष्य पाणी राखण्याच्या खटपटीभोवती फिरते. त्याचे घर कोठे, तो बाहेर कधी पडतो, सरकतो कसा, जोडीदार कसा शोधतो आणि शत्रूला कसा तोंड देतो, हे सगळे या एका गोष्टीशी बांधलेले आहे.

आधी घर पाहू. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात. आपल्याकडे मृगाच्या सरी येतात त्या सुमारास तिकडे कोरडे दिवस सुरू झालेले असतात. पण उन्हाळ्यात थंड समुद्रावरून दाट धुके आत सरकते आणि रेडवुडच्या उंच शेंड्यांतल्या सुयांवर गोळा होऊन थेंबाथेंबाने खाली गळत राहते. टॉड डॉसन या अभ्यासकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार अशा जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश पाणी या धुक्याच्या थेंबांतून येते. त्यामुळे झाडांखालची जमीन, कुजणारे ओंडके आणि पाचोळ्याचा जाड थर भर उन्हाळ्यातही बराच ओला राहतो. बनाना स्लग तगते ती या ओलाव्यावर.

तेवढ्याने भागले नाही तर ती ग्रीष्मनिष्क्रिय होते. पाचोळ्याखाली किंवा ओंडक्याच्या पोकळीत शिरून ती अंग आखडते, भोवती स्रावाचे आणि मातीकचऱ्याचे आवरण करून घेते आणि पुन्हा ओल येईपर्यंत निपचित पडून राहते. आपल्या नेहमीच्या शंखी गोगलगायी शंखाचे तोंड बंद करून उन्हाळा काढतात. हिला शंख नाही, म्हणून स्रावावरच निभावावे लागते. हवा पुन्हा दमट झाली की ती बाहेर येते. रात्री, पहाटे आणि पावसाळी ढगाळ दिवशी ती हिंडताना दिसते.

प्रश्न : या गोगलगायीच्या अंगावरची बुळबुळ जिभेला लागली तर जीभ बधिर होते, असे वाचले. ते खरे आहे का? ही बुळबुळ नेमकी कशाची बनलेली असते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बधिरपणाचा अनुभव खरा आहे. तो थोडा वेळ टिकतो आणि ओसरतो. एखाद्या प्राण्याने तिला तोंडात धरले तर तोंड बधिर आणि चिकटाने भरलेले, अशी त्याची अवस्था होते आणि पुष्कळदा तो तिला टाकून देतो.

बुळबुळ कशाची बनते, हे मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे. या स्रावात बहुतांश पाणीच असते. उरलेला अगदी थोडा भाग लांबच लांब साखळ्यांच्या रेणूंचा असतो, ज्यांत प्रथिने आणि शर्करा एकमेकांना जोडलेल्या असतात. हे रेणू पाणी धरून ठेवतात आणि त्यामुळे मूठभर पाण्याचा घट्ट, ताणला जाणारा गोळा बनतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या इंग्रिथ डायरप-ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरिओलायमॅक्स कोलंबियानसच्या त्वचेचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे, की त्वचेतल्या ग्रंथी तयार बुळबुळ बाहेर टाकत नाहीत. त्या पातळ पापुद्र्यात बांधलेले सूक्ष्म कण बाहेर सोडतात. या कणांत ते रेणू दाबून भरलेले असतात. कण त्वचेच्या पृष्ठभागावर आले की योग्य रासायनिक खूण मिळताच पापुद्रा फुटतो, आतले रेणू मोकळे होतात, आजूबाजूचे पाणी झपाट्याने शोषून फुगतात आणि क्षणात स्रावाचा थर तयार होतो. म्हणजे हा प्राणी पाण्याचा जड साठा बुळबुळीच्या रूपाने अंगात बाळगत बसत नाही. तो कण आणि पाणी वेगवेगळे ठेवतो आणि गरज पडेल तेथे त्यांची गाठ घालून देतो. मला स्वतःला या प्राण्याच्या शरीरातली ही सर्वांत सुंदर व्यवस्था वाटते.

एक उपयोगाची सूचना. हाताला ही बुळबुळ लागली तर लगेच नळाखाली हात धरू नका, कारण पाणी मिळाले की ती आणखी फुगते आणि पसरते. कोरडे हात एकमेकांवर चोळले तर तिच्या गोळ्या होऊन निघून येतात. त्यानंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

प्रश्न : पाय नसताना गोगलगाय सरकते कशी? आणि चिकट पदार्थावरून घसरता येते तर त्याच पदार्थाने भिंतीला चिकटूनही कसे राहता येते? (अकरावीचा एक विद्यार्थी, अमरावती)

उत्तर : आपला दुसरा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षे पडला होता, आणि त्याचे उत्तर याच बनाना स्लगवर काम करताना मिळाले. मार्क डेनी यांनी १९८० च्या सुमारास तिच्या तळव्याखालच्या स्रावाची मोजमापे घेतली. शक्य असेल तर कोणतीही गोगलगाय स्वच्छ काचेवर ठेवून काचेखालून पाहा. तळव्यावर आडव्या पट्ट्या उमटलेल्या दिसतील आणि त्या शेपटीकडून डोक्याकडे एकामागून एक सरकत असतील. या स्नायूंच्या लाटा होत. लाटेखालचा तळव्याचा भाग पुढे सरकतो आणि दोन लाटांमधला भाग त्या वेळी जागच्या जागी स्थिर असतो.

तळवा आणि जमीन यांच्यामध्ये स्रावाचा अतिशय पातळ थर असतो. डेनी यांनी दाखवले, की कमी ताणाखाली हा स्राव घन पदार्थासारखा वागतो, पण ताण एका मर्यादेपलीकडे गेला की तो एकदम विरघळल्यासारखा द्रव होतो, आणि ताण सैल होताच पुन्हा घट्ट होतो. लाटेखाली ताण जास्त असल्यामुळे तेथे तो द्रव होतो आणि तळव्याला पुढे जाऊ देतो. दोन लाटांमधल्या स्थिर भागाखाली तो घट्टच राहतो आणि त्या भागाला टेकू देतो. एकाच क्षणी एकाच तळव्याखाली काही ठिकाणी डिंक आणि काही ठिकाणी वंगण, अशी ही रचना आहे, आणि त्यासाठी दोन वेगळे पदार्थ लागत नाहीत.

या चालीची किंमत मात्र जबर आहे. डेनी यांनीच केलेल्या दुसऱ्या मोजणीत असे आढळले, की तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला किंवा सरड्यासारख्या सरपटणाऱ्या प्राण्याला चालण्यासाठी जी एकूण ऊर्जा लागते, तिच्याहून जास्त ऊर्जा या गोगलगायीला नुसता स्राव तयार करण्यात खर्चावी लागते. स्राव वाटेवरच मागे राहतो, परत मिळत नाही. मिनिटाला वीतभर अंतरही न कापणाऱ्या या प्राण्याला आपण आळशी म्हणतो, पण इतका महागडा प्रवास करणारे प्राणी थोडेच आहेत.

प्रश्न : ही गोगलगाय नर की मादी, हे कसे ओळखावे? (जीवशास्त्राच्या एक शिक्षिका, नागपूर)

उत्तर : ओळखण्याची गरज पडत नाही, कारण प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असते. एकाच शरीरात शुक्राणूही तयार होतात आणि अंडीही. जोडीदाराचा माग स्रावावरूनच लागतो. वाटेवर मागे राहिलेल्या स्रावातल्या रासायनिक खुणा दुसऱ्या गोगलगायीला कळतात आणि ती त्या मागावरून सरकत येते. दोघी भेटल्या की एकमेकींभोवती फिरतात, एकमेकींना हलके चावतात आणि अंगाला अंग वळवून कित्येक तास एकत्र राहतात. जननरंध्र डोक्याच्या उजव्या बाजूला असल्यामुळे दोघींना उजव्या कुशी समोरासमोर आणाव्या लागतात.

आपण शिक्षिका आहात म्हणून पुढची गोष्टही लिहितो, कारण ती पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण. शरीराच्या मानाने यांचे शिश्न फारच लांब असते. अल्बर्ट मीड यांनी १९४३ मध्ये सांताक्रूझकडच्या जातीला डोलिकोफॅलस हे नाव दिले ते याच अवयवाच्या लांबीवरून. हॅरल्ड हीथ यांनी १९१६ मध्ये एरिओलायमॅक्स कॅलिफोर्निकस या जातीच्या समागमाचे वर्णन करताना नोंदवले होते, की काही वेळा समागमानंतर एक गोगलगाय दुसरीचे शिश्न चावून तोडून टाकते. हे प्रत्येक वेळी घडत नाही आणि सगळ्या जातींतही घडत नाही, पण कॅलिफोर्निकस आणि डोलिकोफॅलस या दोन्ही जातींत ते पाहिले गेले आहे. तोडलेला अवयव पुन्हा उगवत नाही, त्यामुळे ती गोगलगाय पुढे फक्त मादी म्हणूनच प्रजनन करू शकते.

याचे कारण काय, यावर अनेक तर्क मांडले गेले. अवयव अडकल्यावर सुटका करून घेण्याचा तो उपाय असावा, असे काहींना वाटले. जोडीदाराला पुढे फक्त अंडी घालण्यात गुंतवून ठेवण्यात तोडणाऱ्या गोगलगायीचा फायदा असावा, असे इतरांनी म्हटले. सांताक्रूझच्या विद्यापीठात जॅनेट लेनर्ड आणि जॉन पिअर्स यांनी निरनिराळ्या जातींच्या प्रजननाची तुलना करून या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. मला दुसरा तर्क अधिक पटतो, कारण केवळ अडकण्याचाच प्रश्न असता तर इतक्या खर्चिक लांबीचा अवयव टिकून राहण्याचे कारण दिसत नाही.

समागमानंतर अंडी ओंडक्याखाली किंवा मातीतल्या खळग्यात घातली जातात. ती पांढुरकी आणि काहीशी पारदर्शक असतात. आई तेथे थांबत नाही. काही आठवड्यांनी अंड्यांतून बाहेर पडणारी पिल्ले मोठ्या गोगलगायीची लहान प्रतिकृतीच असतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचे अन्न स्वतः शोधतात.

प्रश्न : ती काय खाते? शेतीचे नुकसान करते का? (एक शेतकरी वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पडलेली पाने, कुजकी झाडे, प्राण्यांची विष्ठा, दगडफूल, कोवळी रोपे असे बरेच काही ती खाते. अळंबी मात्र तिला विशेष आवडते. तिच्या तोंडात बारीक दातांच्या ओळी असलेली एक पट्टी असते. ती पुढेमागे फिरवून ती अन्न खरवडते आणि झिजलेल्या दातांची जागा मागून येणाऱ्या नव्या ओळी घेतात. खाल्लेले अन्न विष्ठेतून मातीत परत जाते आणि त्यासोबत अळंबीचे बीजाणूही जंगलात इकडून तिकडे पोहोचतात. काही वनस्पतींच्या बियाही तिच्या पोटातून प्रवास करतात, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. ती मूलतः जंगलातली रहिवासी आहे. तिकडच्या बागा आणि शेते खाणाऱ्या गोगलगायी बहुतेक युरोपातून आलेल्या, आकाराने लहान अशा दुसऱ्याच जाती आहेत.

प्रश्न : इतक्या मंद प्राण्याला शत्रू खाऊन संपवत कसे नाहीत? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : खाणारे आहेतच. रॅकून तिला मातीत लोळवून बुळबुळ मातीला चिकटू देतो आणि मग खातो. मोठे सॅलॅमँडर आणि काही जातींचे साप तिला खातात. या सापांवर झालेले एक संशोधन मला फार महत्त्वाचे वाटते.

कॅलिफोर्नियात गार्टर साप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सापांपैकी थॅम्नोफिस एलिगन्स ही एक जात किनाऱ्यावरही राहते आणि आतल्या कोरड्या, डोंगराळ प्रदेशातही. किनाऱ्यावरच्या सापांच्या आहारात गोगलगायी मोठ्या प्रमाणावर असतात. आतल्या प्रदेशात गोगलगायी नाहीत, तेथले साप बेडूक आणि मासे खातात. स्टीव्हन आर्नल्ड यांनी दोन्हीकडच्या गाभण माद्या प्रयोगशाळेत आणल्या आणि त्यांची पिल्ले जन्मताच वेगवेगळी ठेवली, म्हणजे ना त्यांना आईकडून काही शिकता यावे, ना भावंडांकडून. मग त्यांना बनाना स्लगचे लहान तुकडे देण्यात आले. किनाऱ्यावरच्या सापांच्या पिल्लांपैकी बहुतेकांनी ते खाल्ले. आतल्या प्रदेशातल्या पिल्लांपैकी बहुतेकांनी तोंड फिरवले. गोगलगायीच्या वासाचा बोळा समोर धरला तेव्हा जीभ बाहेर काढण्याच्या वेगातही असाच फरक दिसला. गोगलगाय कधीच न पाहिलेल्या पिल्लांत हा फरक दिसला, याचा अर्थ ही आवडनिवड बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. आर्नल्ड यांनी हे काम १९७७ आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केले आणि वर्तनाच्या उत्क्रांतीवरच्या अध्यापनात ते अजूनही शिकवले जाते. बधिर करणारी बुळबुळ पचवण्याची तयारी सापाच्या एका वस्तीत रुजते आणि शेजारच्या वस्तीत रुजत नाही, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणे कमी आहेत.

प्रश्न : एका विद्यापीठाने या गोगलगायीला आपले मानचिन्ह केले आहे, हे खरे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : खरे आहे. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अधिकृत मानचिन्ह आधी समुद्रसिंह होते. विद्यार्थ्यांना मात्र आवारातल्या रेडवुडखाली रोज दिसणारी ही गोगलगायच आपली वाटत होती. १९८६ मध्ये त्यांनी मोठ्या बहुमताने तिला कौल दिला आणि विद्यापीठाने तो मान्य केला. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने बनाना स्लगला राज्याची अधिकृत गोगलगाय ठरवणारा कायदाही केला.

प्रश्न : सहल-शिबिरांत मुले तिची पापी घेतात, असे आमच्या मुलीने तिकडून कळवले. यात काही धोका आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अशी प्रथा तेथे आहे, पण आपण मुलांना ती करू देऊ नये. गोगलगायी मातीत आणि विष्ठेवर वावरतात. जगाच्या अनेक भागांत काही गोगलगायींच्या शरीरात उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या सूत्रकृमीच्या अळ्या आढळतात, आणि त्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. दुसरे असे, की आपल्या हातावरची मलमे आणि डास पळवणारी औषधे तिच्या उघड्या, ओल्या त्वचेला अपाय करतात. बसून पाहावे आणि हात लावू नये, हे दोघांच्याही हिताचे.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात न्हाणीघरात काळपट, चपट्या गोगलगायी येतात. त्या याच जातीच्या का? त्यांच्यावर मीठ टाकावे का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नाही. एरिओलायमॅक्स आपल्याकडे कोठेही नाही. आपण वर्णन केलेली गोगलगाय बहुधा लेव्हिकॉलिस आल्टे असावी. ही मूळची आफ्रिकेतली मानली जाते आणि आता आपल्याकडे सर्रास दिसते. तिची पूर्ण पाठ एकाच चामड्यासारख्या आवरणाने झाकलेली असते, मधून एक फिकट रेघ जाते आणि बनाना स्लगसारखे उजव्या कुशीवरचे उघडमीट करणारे श्वसनरंध्र तिच्यात दिसत नाही. दोघींमधले नाते लांबचे आहे.

मिठाने गोगलगाय मरते ती परासरणामुळे. अंगावरच्या ओलाव्यात मीठ विरघळते, बाहेरचे द्रावण तीव्र होते आणि शरीरातले पाणी त्वचेतून बाहेर खेचले जाते. ती बचावासाठी भराभर स्राव सोडते, त्यात आणखी पाणी खर्ची पडते आणि ती तडफडून मरते. हा मृत्यू सावकाश आणि यातनादायक असल्यामुळे मीठ टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय तेच मीठ बागेतल्या मातीत गेले तर झाडांचे नुकसान होते. मोरीच्या जाळीची फट बुजवावी, रात्री फरशी कोरडी करावी आणि आत आलेली गोगलगाय कागदावर किंवा सुपलीवर घेऊन बाहेर दूर सोडावी. एवढे बहुतेक घरांना पुरते.

प्रश्न : येताना एक-दोन बनाना स्लग डबीत घालून आणल्या आणि काचेच्या पेटीत पाळल्या तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चालणार नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांतून कोणताही जीव उचलून नेण्यास मनाई आहे आणि जिवंत गोगलगायी परवानगीशिवाय देशात आणता येत नाहीत. हा नियम कागदी नाही. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणलेल्या आफ्रिकन शंखी गोगलगायी कोलकात्याच्या चौरंगी भागातल्या बागेत सोडल्या. त्याच जातीने पुढे देशभर हातपाय पसरले आणि २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांत सोयाबीनची उगवती रोपे फस्त केली. बनाना स्लगचे आपल्या उन्हाळ्यात काय होईल, हा प्रश्न त्यापुढचा आहे. मे महिन्यातल्या पुण्याच्या हवेत, धुक्याच्या थेंबांवाचून, ती पेटीत फार काळ जगणार नाही. आपण काढलेले छायाचित्र आणि पाहिलेल्या जागेची नोंद मात्र जरूर जपून ठेवा आणि 'आयनॅचरलिस्ट'सारख्या संकेतस्थळावर टाका. कोणती जात कोठपर्यंत पसरली आहे, हे समजायला अशा नोंदी अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.